नसल्यास चारकडे जा

परागकोश काळे असल्यास दोनकडे जा,
पांढरे असल्यास चारकडे.
भिंगाखालचं माझं बोंड
राखेत जांभूळ पिळल्यासारखं.
दोनकडे गेलं नाही, चारकडेही नाही.
साडेदहाला लाइट गेली
आणि किल्लीचं पुस्तक पोटावर ठेवून
मी तशीच पडून राहिले.

कणकुंबीच्या वर, जिथे रस्ता सोडून तासभर चढावं लागतं,
त्या सड्यावर गेंद लाखांनी असतात.
जांभ्याच्या खळग्यात वीतभर पाणी
आणि पाण्यात उभी पांढरी बटणं.
त्या लाखांत हे वेगळं आहे हे शिवलीलाला दिसलं, मला नाही.
मी तेव्हा मोज्यातली जळू ओढून काढत होते.
निबंधात जळू येणार नाही.

निबंधात येईल ते असं:
उंची चार ते सात सेंटिमीटर.
पानं तळाशी, चिमटीत मावणारी.
दांडा पिळाचा, कंगोरे पाच.
निदलं दोन. तीन नव्हेत; तीनदा मोजली.
बी अर्ध्या मिलिमीटरहून लहान.
धारवाडच्या मोठ्या यंत्राखाली ते बी
बुरुडानं नुकत्याच विणून ठेवलेल्या टोपलीसारखं दिसलं
आणि यंत्र चालवणारा मुलगाही खुर्ची ओढून जवळ आला.
पुढे मात्र सगळं नकारातच.
केसाळ नाही. वासाचं नाही.
खालच्या ओहोळातल्या भावंडासारखं नाही,
आंबोलीच्या त्या दुसऱ्यासारखंही नाही.
कुणाकुणासारखं नाही हे सांगता सांगता
आमची साडेतीन पानं भरली.

लॅटिन आता सक्तीचं राहिलेलं नाही,
तरी हुक्केरीबाईंनी चार ओळी लिहिल्याच.
म्हणाल्या, ही भाषा इथं कुणाचीच नाही, बरं असतं.

दाबायला रद्दी घेतली होती,
वर संयुक्त कर्नाटकातलं नव्हे, तिच्या घरचं कुठलंसं कन्नड पान,
खाली माझ्या घरचं मराठी.
दोन्हींवर एकच बातमी, एकाच चौकातली, दोन तऱ्हांनी.
आठ दिवस पानं बदलत राहिलो.
दोन्हींनी सारखंच पाणी प्यायलं.

सगूबाई पाटडे म्हशी घेऊन आली ती शेवटच्या दिवशी.
एका डोळ्यात फूल पडलेलं, दुसरा आमच्या खुरप्यावर.
"कशाला उपटालायसा?"
नाव विचारलं. तिनं बोंड नखानं दाबून पाहिलं.
"म्हस खात न्हाई. नाव कशाला?"
म्हणजे तिच्याकडेही किल्ली होती, दोनच ओळींची.
खाते. खात नाही.
मग निघता निघता, काठी खांद्यावर घेत,
"पर हे वर आलं की दहा दिसांत पाणी हटतंय.
मग आमी खाली उतरतो."

फुलोरा: सप्टेंबरअखेर, असं आम्ही लिहिलं.
आधार म्हणून काय द्यावं यावर दोघी थोडं भांडलो.

प्रमाण-नमुन्याच्या चिठ्ठीवर गाव, तालुका, जिल्हा.
जिल्ह्याचं नाव मी लिहिलं, तिनं खोडलं,
तिनं लिहिलं, मी खोडलं,
मग दोघी हसलो आणि अक्षांश-रेखांश टाकले.
जिल्हाही टाकावा लागला शेवटी. नियम आहे.
कसा टाकला ते सांगत नाही.

परीक्षकाचं पत्र कालच आलं.
वर्णन पुरेसं आहे, चित्रं उत्तम,
नवी ओळ किल्लीत बसते.
एकच शंका: सड्यावर एकूण रोपं किती?

त्रेचाळीस होती.
एक कलकत्त्याला गेलं, एक पुण्याला,
दोन आमच्या कपाटात, डांबरगोळ्यांसोबत,
एक बी काढताना फाटलं,
एक मी घाईत मुळाशिवाय उपटलं आणि फेकून दिलं.

रकाना लहान आहे.
त्यात सदतीस लिहिलं.